काठावर उभ्या होडीची डोलकाठी वाऱ्यात वारंवार थरथरते: कारणे, मोजमाप आणि उपाय

शीड उतरवलेले, होडी ट्रॉलीवर काठाला उभी, वारा जेमतेम ताशी 10-12 किलोमीटर. तरीही डोलकाठी आगेमागे थरथरू लागते, हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि होडीचा अख्खा सांगाडा घुमतो. मग कोणीतरी टर्नबकल, म्हणजे तारेचा ताण कमीजास्त करणारा पेच, दोन फेरे आवळतो. थरथर थांबल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. पुन्हा दोन फेरे. असे करता करता श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) वीणेच्या तारेइतके ताठ होतात, ते होडीला जिथे अडकतात त्या चेनप्लेटभोवतीचे फायबर तडकायला लागते, थरथर मात्र जागच्या जागी राहते.

याचे कारण असे की या दुखण्यात ताणाचा वाटा लहान आणि आधाराचा मोठा असतो. डोलकाठी कुठे धरली आहे, कुठे मोकळी आहे आणि वारा तिच्या कोणत्या बाजूने येतो, हे आधी पाहायचे. टर्नबकलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

इथले आकडे एंटरप्राइझ वर्गातल्या होडीच्या मापाचे आहेत: सुमारे 4 मीटर लांबीची, दोन शिडांची, अॅल्युमिनियमच्या डोलकाठीची होडी, जी नौदल एनसीसीत कॅडेटना शिकवायला वापरतात. तारांनी धरलेली डोलकाठी असलेल्या कोणत्याही छोट्या होडीला हेच तर्क लागू पडतात. लेझर वर्गातल्या होडीच्या डोलकाठीला तारा नसतात आणि काम संपले की ती उपसूनच ठेवतात, त्यामुळे तिचा प्रश्न इथे येत नाही.

आधी नेमके काय हलते ते ओळखा

वाऱ्यात तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि तिन्हींना लोक सरसकट ‘मास्ट वाजते’ म्हणतात.

टकटक असा ठोक्याचा आवाज येत असेल तर तो हॅलयार्डचा, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीचा. दोरी डोलकाठीवर आपटते. त्रासदायक आहे, रंग आणि अॅनोडायझिंग खरवडते, पण धोका कमी. 6 मिमीच्या इलॅस्टिक दोरीने हॅलयार्ड श्राउडकडे ओढून बांधा, डोलकाठीपासून वीतभर तरी लांब. प्रश्न मिटला.

बारीक शीळ येत असेल तर ती तारेची. 3 मिमीच्या तारेवरून सेकंदाला 5 मीटरचा वारा गेला की तिच्यामागे सेकंदाला सुमारे 330 भोवरे सुटतात आणि तोच सूर कानावर येतो. ही शीळ निरुपद्रवी आहे, तिच्यामागे लागू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी थरथर. ती कानापेक्षा हाताला आधी कळते. सेकंदाला पाच ते पंधरा हेलकावे, जवळजवळ नेहमी पुढे-मागे, सर्वांत जास्त डोलकाठीच्या मधल्या भागात. हीच धोक्याची. सेकंदाला 9 हेलकावे धरले तर तासाला 32,400 होतात. रात्रभर, म्हणजे आठ तास वारा तसाच राहिला तर अडीच लाखांवर. अशा चार रात्रींत दहा लाख. पोलादाला एका मर्यादेखालच्या ताणात कितीही वेळा वाकवले तरी चालते, अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नसते. प्रत्येक हेलकावा हिशेबात जमा होतो. म्हणून स्प्रेडरच्या (काठीवरून श्राउडना बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) ब्रॅकेटपाशी, गूजनेकच्या (शिडाखालचा आडवा दांडा काठीला जोडणाऱ्या सांध्याच्या) रिवेटपाशी आणि डोलकाठीच्या बुडाशी केसासारख्या भेगा निघतात. त्या निघतात काठावर उभ्या होडीत, आणि काठी मोडते मात्र पाण्यात, शीड लावल्यावर.

थरथर येते कुठून

गोल किंवा लंबगोल काठीवरून वारा गेला की तिच्या मागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सुटतात. प्रत्येक भोवरा काठीला वाऱ्याच्या आडव्या दिशेने किंचित ओढतो. भोवऱ्यांची सेकंदाची संख्या म्हणजे वाऱ्याचा वेग भागिले काठीची वाऱ्यासमोरची रुंदी, गुणिले सुमारे 0.2. हा 0.2 चा आकडा चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल याच्या नावाने ओळखला जातो, त्याने 1878 मध्ये ताणलेल्या तारांच्या सुरांवर हे काम केले. भोवऱ्यांची ही संख्या काठीच्या स्वतःच्या वारंवारतेशी, म्हणजे ती आपसूक सेकंदाला जितके हेलकावे घेते त्या आकड्याशी, जुळली की काठी वाऱ्याच्या तालावर झुलायला लागते. एकदा ताल जुळला की वारा थोडा कमीजास्त झाला तरी भोवरे काठीच्याच तालाने सुटत राहतात. म्हणून ती थरथर लवकर सुटत नाही.

एक हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे: धोक्याचा वारा, ताशी किलोमीटरमध्ये = वारंवारता × काठीची मिलिमीटरमधली रुंदी × 0.018. काठीची आगेमागे लांबी 70 मिमी आणि वारंवारता 9 असेल तर उत्तर येते साधारण 11. म्हणजे वादळाची गरजच नाही, संध्याकाळची साधी झुळूक पुरते. पक्के वादळ आले तर उलट ताल सुटतो. तेव्हा काठीला दुसरे धोके असतात, हा नसतो.

वारा होडीच्या आडव्या बाजूने आला की काठीची जास्त रुंद बाजू त्याच्यासमोर येते आणि थरथर पुढे-मागे होते. नेमक्या याच दिशेने काठीला मध्ये काहीच आधार नसतो. आडव्या दिशेने दोन श्राउड आणि स्प्रेडर धरून असतात, पण पुढे-मागे फक्त वर फोरस्टे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, जाणारी तार, आणि खाली बूड. मधले साडेचार मीटर मोकळे.

नागपूरच्या अंबाझरी तलावासारख्या ठिकाणी यात जागेचाही वाटा आहे. पावसाळी पश्चिमेचा वारा पाण्यावरून अडथळ्याविना धावत पूर्वेच्या बांधाकडे येतो, एकसारखा आणि सपाट. भोवऱ्यांचा ताल जुळायला असाच वारा लागतो. झाडांमधून किंवा इमारतींमधून आलेला वारा तुटक असतो, त्यात ताल टिकत नाही. त्यामुळे तीच होडी झाडांआड गप्प उभी असते आणि काठावर आणली की थरथरते.

मोजा, मग हात लावा

फोनमध्ये फायफॉक्स नावाचे मोफत अॅप घ्या, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेले आहे. त्यात त्वरणाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग असतो. फोन डोलकाठीला गूजनेकच्या थोडा वर, चिकटपट्टीने घट्ट बांधा. सैल बांधला तर फोनचीच थरथर मोजली जाईल. वारा पडलेला असताना, पहाटे सहाच्या सुमारास हे सोपे जाते, काठीला पुढून तळहाताने एक थाप द्या आणि पडद्यावरचे टोक वाचा. ही काठीची स्वतःची वारंवारता. आता वरच्या सूत्रात ती घाला आणि धोक्याचा वारा काढा. नंतर खरोखर थरथर सुरू असताना पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर निदान पक्के. थरथरीचा आकडा फारच वेगळा आला तर काठी नव्हे, दुसरे काही हलते आहे: बहुधा ट्रॉली, किंवा हवा कमी असलेल्या टायरांवर डुलणारी अख्खी होडी.

तारेचा ताण मोजायला लूस कंपनीचा गेज मिळाला तर उत्तम. नागपुरात तो दुकानात मिळण्याची आशा ठेवू नका, मागवावा लागतो. त्याच्याविना दोन पद्धती चालतात.

पहिली पट्टीची. 2 मीटर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. तार हाताने ओढून नुसती सरळ झाली आहे अशा अवस्थेत पट्टीचे वरचे टोक तारेला चिकटपट्टीने पक्के करा, खालच्या टोकाशी तारेवर मार्करने खूण करा. आता ताण द्या. 19 तारांच्या एकाच पिळाच्या स्टेनलेस तारेत, म्हणजे 1×19 मध्ये, 2 मीटरमागे 1 मिमी लांबी वाढली म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या 5 टक्के ताण आला. 3 मिमी तारेची ताकद सुमारे 720 किलो, म्हणजे दर मिलिमीटरला 36 किलो. 2.5 मिमी तारेची सुमारे 500, म्हणजे दर मिलिमीटरला 25. नीट जुळवलेल्या काठीला श्राउडमध्ये 15 ते 20 टक्के पुरतात: 3 मिमीला 110 ते 145 किलो, खूण 3 ते 4 मिमी सरकलेली. 7×19 तारेला हा हिशेब लागू नाही, ती याहून बरीच जास्त ताणली जाते.

दुसरी पद्धत स्लो मोशनची, आणि ती दर आठवड्याच्या तपासणीला बरी. तार मध्यावर धरून छेडा, फोनवर सेकंदाला 240 चौकटींचे चित्रण करा, दहा हेलकाव्यांना किती चौकटी लागल्या ते मोजा. 2400 भागिले तो आकडा म्हणजे वारंवारता. 3 मिमी तारेचे वजन मीटरला सुमारे 45 ग्रॅम. मोकळी लांबी 5 मीटर असेल तर वारंवारतेचा वर्ग गुणिले 0.46 म्हणजे ताण किलोमध्ये. 12 हेलकावे आले तर 66 किलो, 16 आले तर 118, 18 आले तर 149. स्प्रेडर असेल तर तार दोन तुकड्यांत हलते, तेव्हा खालच्या तुकड्याचीच लांबी धरा. लांबी अर्धी झाली की 0.46 चा आकडा चौथाई होतो, 0.115. दोन्ही बाजूंचे श्राउड एकाच बैठकीत मोजा. डावा-उजवा फरक 5 टक्क्यांहून जास्त असेल तर आधी तो मिटवा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारे कारण: जिब उतरवली आणि ताण गेला

बऱ्याच छोट्या होड्यांत पाण्यावरचा ताण फोरस्टे देतच नाही, जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, हॅलयार्डची तार देते. फोरस्टे फक्त काठी पडू नये म्हणून असतो, किंचित सैल. काठावर आल्यावर जिब उतरते, हॅलयार्ड सुटतो आणि काठी त्या सैल फोरस्टेवर लोंबकळत राहते. पाण्यात मोजलेला 140 किलोचा ताण काठावर 20 सुद्धा नसतो. सगळ्या सांध्यांत खेळ येतो, काठी पुढे-मागे हवी तशी हलते. टर्नबकल कितीही आवळले तरी दर संध्याकाळी हेच होणार.

उपाय सोपा आहे. जिब उतरवल्यावर तिच्या हॅलयार्डचा शॅकल (टोकाची कडी) नाळेवरच्या फिटिंगला अडकवा, लांबी कमी पडली तर 4 मिमीच्या न ताणणाऱ्या दोरीचा तुकडा मध्ये जोडा, आणि पाण्यावरच्या ताणाच्या साधारण निम्मा ताण द्या. पूर्ण ताण देऊन ठेवू नका. फायबरची जुनी होडी आठवडाभर पूर्ण ताणात उभी राहिली की सांगाडा हळूहळू वाकतो आणि मग पाण्यावर तोच ताण मिळायला आणखी आवळावे लागते.

बूड आणि गेट

काठीचे बूड कीलवरच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यावरच्या, स्टेप नावाच्या खाचेत बसते आणि वर डेकपाशी ती गेट नावाच्या खोबणीतून जाते. दोन्ही ठिकाणी बोट घालून पाहा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर आणखी चांगले. गेटमध्ये पुढे-मागे 2-3 मिमीची फट असेल तर गेट असून नसल्यासारखे. आधार डेकवरून सरकून थेट कीलवर जातो, मोकळी लांबी 4.6 मीटरची 5.1 होते, आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वारंवारता घसरते: नऊवरून सुमारे सव्वासातवर. उलट गेटमध्ये पाचर घट्ट बसली तर काठी त्या जागी नुसती टेकलेली न राहता जवळपास जखडली जाते. पूर्ण जखडली असे धरले तर वारंवारता टेकलेल्या काठीच्या दीडपटीहून थोडी जास्त होते. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, पण फरक हाताला लगेच कळतो.

पाचर लाकडाची नको, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून गळून पडते. स्वयंपाकघरात भाजी चिरायचा पांढरा जाड प्लॅस्टिकचा पाट असतो ना, तो एचडीपीईचा. 10-12 मिमी जाडीचा घ्या, भांड्यांच्या कोणत्याही दुकानात मिळतो, करवतीने कापता येतो आणि पाणी पीत नाही. पुढे एक, मागे एक अशा दोन पाचरी, काठीच्या वळणाला कानशीने बेतून. शेवटची फट 1 मिमीच्या रबराच्या पट्टीने भरा. रबर थोडी थरथर गिळतेही. पाचर तळहाताने दाबून आत जावी, हातोडीने ठोकावी लागू नये. ठोकून बसवलेली पाचर काठीच्या भिंतीत खळगा पाडते, आणि भेग नेमकी तिथून सुरू होते.

बुडाशी खेळ असेल तर स्टेपमध्ये 1 ते 3 मिमी नायलॉनच्या पट्ट्या घाला. त्याआधी स्टेपमधला गाळ पूर्ण काढा आणि पाणी निघायचे भोक उघडे आहे ना ते पाहा. गाळावर टेकलेले बूड आज घट्ट वाटते आणि गाळ वाळला की हलायला लागते.

स्प्रेडर

मागे झुकलेले, पक्के बसवलेले स्प्रेडर असतील तर काठीच्या मध्याला पुढे-मागे आधार देणारी ती एकमेव गोष्ट. श्राउडला ते बाहेर आणि मागे ढकलतात, बदल्यात श्राउड काठीच्या मध्याला पुढे रेटतो आणि काठीला थोडा बाक येतो. बाक आलेली काठी सरळ काठीपेक्षा शांत राहते, कारण तिला एका बाजूला सतत रेटा असतो, मोकळेपणी दोन्हीकडे झुलायला जागा नसते.

बाक मोजायला मेन हॅलयार्डचे टोक गूजनेकपाशी काठीच्या मागच्या कडेला टेकवून ताणा आणि स्प्रेडरपाशी दोरी व काठी यांतली फट पट्टीने वाचा. 15 ते 25 मिमी असावी. शून्य असेल, किंवा काठी मधोमध मागे वळलेली असेल, तर स्प्रेडर काम करत नाहीत. टोकांना हाताने वर-खाली, पुढे-मागे हलवा. मुळाशी खडखड असेल तर पिन झिजली आहे किंवा ब्रॅकेटचे भोक लांबट झाले आहे. पिन बदलून भागले तर ठीक. भोकच लांबट झाले असेल तर ब्रॅकेट नवे करून घ्या, हिंगणा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या वर्कशॉपला 316 स्टेनलेसचा 2 मिमी पत्रा आणि जुना नमुना दिला की जमते. ब्रॅकेट बसवताना मोनेलचे रिवेट वापरा आणि अॅल्युमिनियमला लागणाऱ्या जागी झिंक क्रोमेटची पेस्ट लावा. दोन्ही स्प्रेडरचा मागचा कल सारखा हवा. एक सरळ फळी दोन्ही श्राउडना आडवी लावून, तिच्यापासून काठीच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर आणि दोन्ही बाजूंचा कोन तपासा. एक बाजू जास्त मागे असेल तर काठी पिळली जाते आणि थरथर आडवी होते.

स्प्रेडर नसलेल्या जुन्या काठ्यांना मध्यावर तात्पुरता आधार द्यावा लागतो. मेन हॅलयार्डचे टोक काठीच्या साधारण अर्ध्या उंचीवर रिंगसारखे सैल अडकवा, तिथून 6 मिमीची इलॅस्टिक दोरी नाळेवर पुढे ओढून बांधा, 10-15 किलो ताणाने. दोरी इलॅस्टिकच हवी. ताठ दोरी थरथरीची जागा फक्त बदलते, इलॅस्टिक तिची ऊर्जा खाते.

आता ताण

आवळत राहण्याने काम का होत नाही हे इथे कळते. श्राउड आणि फोरस्टे काठीला खाली दाबतात. दाबलेल्या काठीची वाकण्याची वारंवारता कमी होते. 70 मिमीच्या, मीटरला 1.2 किलो वजनाच्या, 4.6 मीटर मोकळ्या काठीला मुडपून मोडायला ढोबळमानाने 900 किलो दाब लागतो असे धरा. तिन्ही तारा मिळून 420 किलो दाब देत असतील तर वारंवारता नऊवरून सुमारे साडेसहावर येते. धोक्याचा वारा ताशी 11-12 वरून 8-9 वर उतरतो. म्हणजे थरथर कमी तर होत नाहीच, आणखी हलक्या वाऱ्यात सुरू होते, आणि हलका वारा दिवसातून जास्त तास वाहतो. टर्नबकल आवळल्यावर थरथर ‘थांबली’ असे वाटते ते याच कारणाने: त्या क्षणीच्या वाऱ्याचा ताल चुकला इतकेच.

सैलही नको, कारण सैल तारेत सांधे वाजतात. 15 ते 20 टक्क्यांत थांबा. काठावर त्याच्या निम्मे.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही श्राउडची लांबी, हाउंडपासून (काठीवर श्राउड अडकतात त्या जागेपासून) चेनप्लेटपर्यंत, अगदी सारखी. मग काठीचा मागचा कल. मग बाक. मग ताण, दोन्ही बाजूंना आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूला तीन फेरे आणि मग दुसरीला तीन असे केले तर काठी तिरकी होऊन बसते आणि सगळे पुन्हा करावे लागते. शेवटी टर्नबकलमध्ये स्प्लिट पिन घाला, टोके 20 अंशांपर्यंतच उघडा म्हणजे पुढच्या वेळी निघतील, आणि वर चिकटपट्टी. थरथरीत सर्वांत आधी गायब होतात त्या स्प्लिट पिनेऐवजी लावलेल्या गोल रिंगाच. रिंग बिनापट्टीची कधीच ठेवू नका.

तरी थरथरतेच

तर मग भोवऱ्यांनाच तोडायचे. आधी फुकटचा उपाय: होडीची नाळ वाऱ्याकडे वळवा. पावसाळ्यात बहुतेक दिवस पश्चिम-नैर्ऋत्येकडे. काठीची अरुंद बाजू वाऱ्यासमोर आली आणि थरथरीची दिशा आडवी झाली की श्राउड तिला धरतात. अनेक होड्यांना एवढेच पुरते आणि तरीही काठावर सगळ्या होड्या जागा वाचवायला वाऱ्याला आडव्या लावलेल्या दिसतात.

दुसरा उपाय जुन्या मेनशिडाचा. काठीच्या खाचेत बसणारी शिडाची कड, म्हणजे बोल्टरोप, तिच्यासह 12-15 सेंमी रुंद आणि 3 मीटर लांब पट्टी कापा. मोकळ्या कडेला वीतभर अंतराने खोल त्रिकोणी खाचा पाडा. वरच्या टोकाला आयलेट ठोकून ती मेन हॅलयार्डने खाचेत चढवा, खालचे टोक दोरीने ताणा. भोवरे आता सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटू शकत नाहीत, ताल जुळत नाही. मे महिन्याच्या उन्हात ही पट्टी एका हंगामात ठिसूळ होते, तेव्हा नवी शिवायला शीड जपून ठेवा.

कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर सर्पिल पट्ट्या दिसतात त्याही याच कामाच्या. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रुटन आणि वॉल्श यांनी 1957 च्या सुमारास ही रचना मांडली: तीन पट्ट्या, उंची व्यासाच्या एक दशांश, एक पूर्ण वेढा व्यासाच्या पाचपट उंचीत, वरच्या तिसऱ्या भागावर. 70 मिमीच्या काठीला म्हणजे 7-8 मिमीची दोरी, 35 सेंमीला एक वेढा. मात्र उभ्या काठीला दोरी गुंडाळायला गेलात तर श्राउड आणि स्प्रेडर आड येतात. काठी आडवी असताना, होडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तरच हा खटाटोप करा. नाही तर शिडाची पट्टी बरी.

जुळवलेले काही महिन्यांत का बिघडते

नागपूरच्या हवामानात एक कारण कायमचे आहे. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे 0.023 मिमी वाढते, 316 स्टेनलेस 0.016. जानेवारीच्या सकाळी 12-15 अंशांना जुळवलेली होडी मेच्या दुपारी 45 अंशांच्या हवेत उभी राहिली तर 6 मीटरच्या काठीची वाढ तारेपेक्षा सव्वा ते दीड मिलिमीटर जास्त होते. 3 मिमीच्या तारेत यातून 15-20 किलोपर्यंत ताण वाढतो, त्यातला काही भाग सांगाडा वाकून सोसतो. उन्हाळ्यात तारा आपोआप आवळतात, हिवाळ्यात सैल होतात. म्हणून जुळवणी वर्षातून तीनदा तपासा: मार्चअखेर, पाऊस लागल्यावर, आणि दिवाळीनंतर. तपासणी सकाळी, काठीवर ऊन पडण्याआधी. तापलेल्या काठीवर मोजलेला आकडा संध्याकाळी खोटा ठरतो.

नवी तार पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, पिळातल्या फटी मिटतात, ताण उतरतो. एकदा पुन्हा जुळवले की स्थिर होते. पण जुनी तार सतत लांबत असेल तर ती बदलायचीच. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. तुटलेली बारीक तार कापसाचा धागा ओढून धरते, बहुधा खालच्या स्वेजच्या, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी. मुंबईकडून आलेल्या जुन्या होडीत तर स्वेजच्या आत खाऱ्या पाण्याचा गंज बसलेला असू शकतो. तोंडाशी तपकिरी ओघळ दिसला की वर सारे चकचकीत असले तरी तार काढा. एक तुटलेली दिसली की दोन्ही श्राउड एकदम बदला. नवी तार 316 ची 1×19 च घ्या. इतवारीत सहज मिळणारी 7×19 स्टेनलेस तार लवचीक असते, कप्पीवरून फिरवायला उत्तम, श्राउडला नाही.

भेगांसाठी डाय पेनेट्रंटचा संच वेल्डिंगच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. स्प्रेडरचे मूळ, गूजनेकचे रिवेट, हाउंडची भोके आणि गेटच्या पातळीवरचा पट्टा क्लीनरने पुसा, लाल द्रव लावून दहा मिनिटे थांबा, पुसून पांढरा डेव्हलपर फवारा. लाल रेघ उमटली तर ती काठी उभी करू नका. भेगेच्या टोकाला भोक पाडून तात्पुरते थांबवता येते असे सांगणारे भेटतील. डोलकाठीवर ते करू नका: शीड लावल्यावर तोच भाग सगळा भार घेतो आणि खाली माणसे बसलेली असतात.

मोठ्या कीलबोटीवर हेच दुखणे असेल तर काठीच्या मध्यातून पुढे डेकवर येणारा बेबी स्टे, किंवा स्टेसेलचा हॅलयार्ड नाळेच्या बाजूला ओढून ताणणे, हा पहिला उपाय. पुढचे आणि मागचे लोअर श्राउड असतील तर पुढचे किंचित जास्त ताणून काठीच्या मध्याला बाक द्या. तर्क इथेही तोच, मध्य धरायचा.

होडी पंधरा दिवस वापरायचीच नसेल, किंवा प्रादेशिक हवामान केंद्राने विजा आणि वाऱ्याचा इशारा दिला असेल, तर काठी उतरवा. वारा पडलेला असताना दोघांनी: एकाने काठी दोन्ही हातांनी मिठीत धरायची, दुसऱ्याने आधी हॅलयार्डचा ताण सोडायचा, मग फोरस्टेची पिन, मग श्राउडच्या. काठी सरळ वर उचलून स्टेपमधून काढायची, तिरकी केली तर गेट फाटते. वजन तारांसह दहा किलोच्या आसपासच असते, पण सहा मीटर उंचीवर वाऱ्याची एक झुळूक ते हातातून हिसकावून घेते. वरून विजेची तार जात असेल तर होडी आधी तिच्यापासून लांब न्या, कोणत्याही दिशेने काठी पडली तरी पोहोचणार नाही इतकी लांब, आणि मगच पिनेला हात लावा.